गळाचे रीळ आणि पहिले शील

आपल्या भोजनगृहातील कप्प्यांच्या स्टीलच्या ताटांपैकी एक ताट गेली काही वर्षे जेवणासाठी वापरले जात नाही. ते माझ्या कपाटात असते. त्याच्या कप्प्यांना रॉकेलचा वास आहे आणि तो आता जाणार नाही. भेटीला येणारे माजी विद्यार्थी कधीकधी विचारतात, "सर, हे ताट इथे कसे?" स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इतिहासाचा शिक्षक म्हणून माझ्याकडे शाळेच्या वाटचालीवर लेख मागितला होता. वाटचाल लिहिण्यास माझ्याहून ज्येष्ठ सहकारी समर्थ आहेत. मी त्या ताटाची हकीकत लिहितो. कारण तीत माझी एक चूक आहे, आणि शाळेच्या इतिहासात शिक्षकांच्या चुकांचीही नोंद असावी असे मला वाटते.

एका रविवारच्या वंदनेनंतर मी पंचशीलावर बोललो होतो. पहिले शील समजावताना उदाहरणे हवीत म्हणून मी शिकाऱ्याचे उदाहरण दिले आणि बोलण्याच्या ओघात म्हणालो, "जो जाळे टाकतो, गळ लावतो, तो रोज सकाळी हे शील मोडण्यासाठीच घराबाहेर पडतो." वाक्य मला तेव्हा चांगले वाटले होते. समोर बसलेल्या मुलांत आठवीचा एक मुलगा होता. त्याचे घर तापीकाठचे, भोई समाजाचे. वडील हतनूर धरणाच्या फुगवट्यात नाव घालून मासे धरतात, आई ते बाजारात विकते. हे मला ठाऊक होते; त्याचा प्रवेशाचा अर्ज मीच भरून घेतला होता. बोलताना ते आठवले नाही, एवढेच.

तीनेक आठवड्यांनी लक्षात आले की, वंदनेत पहिले शील येते तेव्हा या मुलाचे ओठ मिटलेले असतात आणि दुसऱ्या शीलापासून तो सर्वांबरोबर म्हणू लागतो. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याला बोलावून कारण विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "सर, सुट्टीत मी वडिलांबरोबर नावेत असतो. जाळं ओढतो. इथं म्हणायचं की जीव मारणार नाही आणि तिथं जाऊन मासे मारायचे, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होतं. मग चौथं शीलही मोडतं. म्हणून पहिलं म्हणत नाही. बाकीची चार म्हणतो."

मला उत्तर सुचले नाही. खोटे बोलू नये हे शील पाळण्यासाठी तेरा वर्षांचा मुलगा रोज सर्वांसमोर गप्प राहत होता, आणि त्याला तेथवर माझ्या वाक्याने आणून ठेवले होते. "मला थोडे वाचावे लागेल. मग बोलू," एवढे सांगून मी त्याला वर्गात पाठवले.

त्या रात्री मला माझे वडील आठवले. खानदेशातील एका कापड गिरणीत ते कताई खात्यात होते, त्यांच्याआधी आजोबाही त्याच खात्यात. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. धोट्यातील कांडीचा धागा छिद्रातून बाहेर काढण्यासाठी तो तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या माणसांचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. विणकाम खात्यातील मजुरी अधिक. म्हणजे विटाळाची किंमत दरमहा पगारातून वजा होत असे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि गिरणीतील प्रत्येक काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, असा आग्रह धरला. हे सर्व मी दरवर्षी वर्गात शिकवतो. जन्माने वाट्याला आलेल्या कामावरून माणसाला हलके ठरवणे म्हणजे काय, हे आमच्या घराला दोन पिढ्या ठाऊक होते. तेच मी शीलाच्या नावाने एका मुलाच्या घराविषयी केले होते.

दिवाळीची सुट्टी संपवून तो परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. "तुम्ही वसतिगृहातले पंखे, शिलाई मशीन दुरुस्त करता ना, सर? हे होईल का?" त्याने फडके सोडले. आत मासे धरण्याच्या गळाचे एक जुने रीळ होते. त्यावरची काळी झिलई जागोजागी उडालेली होती आणि फ्रान्समध्ये बनल्याची अक्षरे पुसट दिसत होती.

त्याचे आजोबा तरुणपणी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतील एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरसाठी रविवारी नाव वल्हवत. स्वातंत्र्यानंतरच्या काळात अशी अनेक कुटुंबे देश सोडून गेली. ते ड्रायव्हरही गेले आणि जाताना काठी व रीळ आजोबांना देऊन गेले. काठी मोडली, रीळ खुंटीवर राहिले. आता आजोबांचा खांदा गेला होता, फेकजाळे उचलत नव्हते. काठावर बसून गळ टाकता आला असता, पण रीळ जाम होते. मुलगा माझ्याकडे दुरुस्ती मागत होता की उत्तर, हे मला त्या क्षणी कळले नाही. मी रीळ ठेवून घेतले.

एका सहकाऱ्याने रास्त प्रश्न विचारला : "सर, बौद्ध शाळेत गळाचे रीळ दुरुस्त होणार का?" त्यांनाही मी तेच सांगितले की, मला वाचावे लागेल.

वाचन आणि दुरुस्ती मग बरोबरच सुरू झाली. रोज संध्याकाळी अभ्यासिकेपूर्वीचा अर्धा तास आम्ही दोघे प्रयोगशाळेच्या टेबलाशी बसत असू. पहिला नियम मी त्याला सांगितला : जाम झालेल्या यंत्रावर जोर करायचा नाही. हँडल फिरत नाही म्हणून पकडीने पिळले, तर आतला दाता तुटतो आणि साधा दोष कायमचा होतो. दुसरा नियम : प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने ठेवायचा. त्यासाठी ते कप्प्यांचे ताट आणले. पहिल्या कप्प्यात बाहेरचे स्क्रू, दुसऱ्यात झाकण, पुढे चाके, शेवटच्या लहान कप्प्यात चकत्या. वहीत तो प्रत्येक भागाचे चित्र काढी आणि कोणती बाजू वर होती ते बाणाने दाखवी.

झाकण उघडले तेव्हा पहिला दोष उघड्यावरच होता. अनेक वर्षांपूर्वी भरलेले ग्रीस वाळून लाखेसारखे पिवळे आणि कडक झाले होते. चाकांचे दाते शाबूत होते. वंगण म्हणून घातलेल्या पदार्थानेच त्यांना जखडले होते. जुनी रिळे बहुतेक वेळा याच कारणाने बंद पडतात आणि लोक ती मोडली असे समजून भंगारात देतात. फायबरच्या व चामड्याच्या चकत्या वेगळ्या काढून आम्ही धातूचे भाग रात्रभर रॉकेलमध्ये बुडवले. दुसऱ्या दिवशी दात घासण्याच्या ब्रशने ते घासले, कोरड्या फडक्याने पुसले, चाकांना बोटाच्या टोकावर मावेल इतके नवे ग्रीस आणि आसांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. भरपूर ग्रीस भरावे असे मुलाला वाटत होते. मी त्याला जुन्या ग्रीसचे खडे दाखवले.

हँडल फिरू लागले. फिरताना ते यंत्र मला ओळखीचे वाटले. मासे धरण्याची रिळे फार जुनी आहेत. सुमारे ११९५ सालच्या, मा युआन या चिनी चित्रकाराच्या एका चित्रात नावेत बसलेल्या मासेमाराच्या काठीला रीळ दिसते. त्या जुन्या प्रकारात दोरी सुटताना बॉबिन स्वतः फिरते, आणि ती वेगात फिरत राहिली की दोऱ्याचा गुंता होतो. १९०५ मध्ये इंग्लंडमधील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी बॉबिन स्थिर ठेवणाऱ्या रिळाचे पेटंट घेतले. त्यात दोरी बॉबिनच्या टोकावरून निसटत जाते आणि परत गुंडाळताना एक कमान बॉबिनभोवती फिरते. इलिंगवर्थ हे ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरातले. आमच्या हातातले रीळ याच जातीचे होते. गिरणीत भरलेल्या बॉबिनवरचे सूत असेच टोकावरून उलगडते. रिंगफ्रेमवर बॉबिनभोवती एक इवलीशी पोलादी कडी फिरते आणि सूत सारखे गुंडाळले जावे म्हणून कड्यांची पट्टी वरखाली होते. येथे कमान फिरते आणि बॉबिन पुढेमागे होते. लहानपणी वडील मला खेळायला गिरणीतली रिकामी लाकडी बॉबिन आणून देत. मी मुलाला म्हणालो, "तुझ्या आजोबांचे रीळ आणि माझ्या वडिलांची बॉबिन एकाच घराण्यातली आहेत." तो प्रथमच मोकळा हसला.

दुसरा दोष असा की, हँडल आता उलटही फिरत होते. मासा ओढू लागला तर दोरी फक्त ताणाच्या चकत्यांवरून सुटावी, हँडल उलट फिरू नये, यासाठी आत एक दातेरी चाक आणि त्यात अडकणारा लहान खटका असतो. खटका निसटतो आहे हे पाहून मी निदान केले की त्याचे टोक झिजले आहे. टोकाला धार काढण्यासाठी मी कानस हातात घेतली. मुलगा भिंग लावून पाहत होता. तो म्हणाला, "सर, टोक चांगलं आहे. हा मागून ढकलला जात नाही." खरेच होते. खटक्याला चाकावर दाबून धरणारी केसाएवढी स्प्रिंग आपल्या खाचेतून सरकून बाजूला पडली होती. मी कानस चालवली असती तर निर्दोष भाग मी बिघडवला असता आणि दोष तसाच राहिला असता. स्प्रिंग खाचेत बसवताच खटका टकटक वाजू लागला. न तपासता दोष ठरवण्याची माझी त्या सहामाहीतली ही दुसरी वेळ होती, आणि दोन्ही वेळा समोर तोच मुलगा होता.

तिसरा दोष कमानीचा. दोरी फेकताना कमान उघडतात. हँडल फिरवताच ती खटकन मिटली पाहिजे. तिची स्प्रिंग तुटली होती. बांधकामाच्या मऊ तारेची आम्ही पहिली स्प्रिंग केली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग स्प्रिंगची पोलादी तार आणून ती खिळ्याभोवती गुंडाळली. पोलादी तार सोडली की थोडी उलगडते, म्हणून खिळा हव्या त्या मापाहून बारीक घ्यावा लागतो. शिवाय वेढ्यांची दिशा अशी हवी की भार पडला की वेढे आवळले जातील. उलट दिशेने गुंडाळलेली स्प्रिंग उघडत जाऊन लवकर निकामी होते. आमची दुसरी स्प्रिंग नेमकी याच कारणाने वाया गेली. तिसरी बसली.

चौथा दोष सर्वांत नाजूक. बॉबिनखाली धातूच्या आणि चामड्याच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. वरचा स्क्रू आवळला की त्या दाबल्या जातात. मोठा मासा जोराने ओढू लागला तर दोरी तुटण्यापूर्वी या चकत्यांनी घसरून ती हळूहळू सोडायची असते. जुनी चामडी वाळून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ती आधी चिकटून बसत आणि मग एकदम सुटत. असा झटका बसला की दोरी तुटते. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून पातळ चामड्याचा तुकडा आणून आम्ही नव्या चकत्या कापल्या आणि तेलात भिजवून बसवल्या. ताण किती ठेवायचा याचा सर्वसाधारण नियम असा की, दोरी ज्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तृतीयांश ताणाला चकत्या घसरू लागल्या पाहिजेत. नवी नायलॉनची दोरी ४ किलोची होती. प्रयोगशाळेतील स्प्रिंगचा तराजू तिच्या टोकाला बांधून आम्ही स्क्रू फिरवत गेलो आणि काटा १ किलोच्या थोडा पुढे गेला की दोरी सुटू लागेल असे जुळवले. विणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैलही सोडू नयेत, हे तथागतांनी सोण भिक्खूला सांगितले होते. त्या संध्याकाळी मला ते तराजूच्या काट्यावर दिसले. मी मात्र त्या रविवारी स्क्रू शेवटपर्यंत आवळला होता.

तोपर्यंत माझे वाचनही कोठेतरी पोहोचले होते. १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. बुद्धांनी अहिंसा हा ठोकळेबाज नियम केला नाही, जीवनाचे तत्त्व म्हणून सांगितली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी तेथे वेगळ्या ठेवल्या आहेत. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते आणि त्याबरोबर जबाबदारीही देते. हा ग्रंथ मी अनेकदा वाचला होता. पण ज्याच्या घरची चूल मासळीवर पेटते, त्याच्या शेजारी बसून तो कधी वाचला नव्हता. थेरगाथेतील यसोज थेराकडेही मी पुन्हा वळलो. अट्ठकथेनुसार त्याचा जन्म श्रावस्तीजवळच्या मच्छीमारांच्या वस्तीत झाला होता. संघाच्या दाराशी त्याला कोणी त्याच्या बापाचा धंदा विचारून परत पाठवले नाही.

रीळ पूर्ण झाले त्या दिवशी मी मुलाला म्हणालो, "तुझा प्रश्न माझ्याकडे शिल्लक आहे. शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचे पाऊल. आपण शील घेतो तेव्हा 'मी कधीच चुकणार नाही' अशी शपथ घेत नाही. 'मी हे शिकायला घेतो' असे म्हणतो. शिकायला घेतो म्हणणे खोटे होत नाही."

त्याने थोडा विचार केला. "आणि दर सुट्टीत चुकलं तर?"

"तर परत आल्यावर पुन्हा घ्यायचे. म्हणून तर ते रोज घेतात. मी इतकी वर्षे रोज घेतो आहे."

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी सर्व मुलांसमोर उभा राहिलो. जे वाक्य सर्वांसमोर बोललो होतो, ते सर्वांसमोरच मागे घेणे आवश्यक होते. मी कोणा मुलाचे नाव घेतले नाही. यसोजाची कथा सांगितली, गिरणीतील धोट्याची हकीकत सांगितली आणि म्हणालो की, कोणाच्या घरच्या कामावरून त्याचे शील मोजण्याचा अधिकार मला नव्हता. प्रश्न विचारणाऱ्या सहकाऱ्यांचे पूर्ण समाधान झाले नाही; गळ तो गळच, असे ते आजही म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि तो वाद आम्ही मैत्रीने चालू ठेवला आहे.

पालक मेळाव्याला मुलाचे वडील आले. म्हणाले, "म्हातारा आता रोज काठावर बसतो, सर. एक-दोन मिळाले की उठतो. लहान मासा आला तर सोडून देतो. अंड्यांवर आलेली मादी तर त्यांनी कधीच ठेवली नाही, आम्हालाही ठेवू देत नाहीत." मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. गरज आणि इच्छा यांतला जो भेद समजायला मला ग्रंथ पुन्हा उघडावा लागला, तो त्या घरात न वाचता पाळला जात होता.

तेव्हापासून प्रयोगशाळेतील ते टेबल संध्याकाळचा अर्धा तास दुरुस्तीसाठी राखलेले आहे. घड्याळे, कंदील, शिलाई मशीनचे धोटे, सायकलचे पंप तेथे येतात. आपल्या घरी काही बंद पडलेले असेल, तर भंगारात देण्यापूर्वी ते शाळेकडे पाठवावे, अशी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे. ते दुरुस्त होईलच असे नाही. पण ते का बंद पडले हे मुले शोधून काढतील, आणि शोधण्यापूर्वी कोणालाच दोष देणार नाहीत.

त्या मुलाने पुढे पहिले शील म्हणायला सुरुवात केली का, असे मला एकदोघांनी विचारले. मला ते सांगता येणार नाही. त्या रविवारनंतर वंदनेच्या वेळी त्याच्या ओठांकडे पाहायचे नाही असे मी ठरवले, आणि तो दहावी होऊन जाईपर्यंत ते पाळले. मी डोळे मिटून माझे शील घेत असे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.